मुलीला आणू नका, तुम्ही दोघं या

आमची मुलगी नऊ वर्षांची असताना रोज सकाळी तिच्या पोटात दुखायचं. शाळेचे मोजे हातात घेतले की दुखायला लागायचं आणि शाळेची वेळ टळून गेली की थांबायचं. सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. एकटीला झोप येईना म्हणून आमच्यापैकी कुणीतरी तिचा हात धरून झोपू लागलं. वर्गात बाईंना काही विचारायचं असेल तर आम्हीच चिठ्ठी लिहून द्यायचो. मैत्रिणीच्या वाढदिवसाला तिला जायचं नसेल तर सबबही आम्हीच सांगायचो. "मला न्यायला नक्की येशील ना?" या एकाच प्रश्नाला मी दिवसातून वीस वेळा "हो, नक्की" म्हणायचे. तळहातावरच्या फोडासारखं जपत होतो तिला, आणि ती महिन्यागणिक जास्तच घाबरत चालली होती.

शेवटी एका समुपदेशक बाईंकडे गेलो. दोन भेटी झाल्यावर त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी मुलीला आणू नका. तुम्ही दोघं या."

ते वाक्य मला फार झोंबलं. पोरगी कासावीस होतेय आणि ह्या उपचार आमच्यावर करणार? म्हणजे चूक आमचीच, असंच ना? पुढचे तीन महिने त्या खोलीत बसल्यावर कळलं की बाई चूक कुणाची हे ठरवतच नव्हत्या. मुलीच्या दिवसातले चौदा-पंधरा तास ज्यांच्या सोबतीने जातात त्यांच्या हातात त्या काहीतरी देऊ पाहत होत्या. त्या अनुभवातूनच माझं एक मत पक्कं झालं आहे. मुलांच्या मनाचं आणि वागण्याचं दुखणं हलकं करायचं असेल तर मदत आधी आईबापांपर्यंत पोहोचायला हवी. ती नशिबावर किंवा पैशांवर सोडून चालणार नाही. लसीकरणासारखी ती सगळ्यांना, न मागता आणि फुकट मिळायला हवी.

आमच्या बाईंनी जे केलं त्याला भक्कम आधार आहे. येल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ एली लेबोविट्झ यांनी २०१९ साली एक चाचणी प्रसिद्ध केली. चिंतेचा विकार असलेल्या ७ ते १४ वर्षांच्या १२४ मुलांचे यदृच्छेने दोन गट केले. एका गटातल्या मुलांना विचार आणि वर्तनावर काम करणारी, सर्वमान्य अशी मानसोपचार पद्धती दिली. दुसऱ्या गटात मुलांना उपचारांसाठी बोलावलंच नाही. फक्त आईवडिलांच्या बारा बैठका झाल्या. शेवटी दोन्ही गटांतल्या मुलांची चिंता सारख्याच प्रमाणात कमी झालेली दिसली.

हे होतं कसं? घाबरलेलं मूल आपल्याकडे धावत येतं आणि आपण त्याच्या वाटेतला काटा काढून टाकतो. काटा निघाला की त्याला बरं वाटतं, आपल्यालाही बरं वाटतं. पण त्यातून त्याच्या मनात एक गोष्ट रुजते: हे खरंच भयंकर होतं, म्हणून तर आईने मला वाचवलं. पुढच्या वेळी तीच गोष्ट त्याला आणखी मोठी दिसते. लेबोविट्झ यांच्या पद्धतीत आईवडील दोन गोष्टी शिकतात. पहिली, भीती खरी आहे हे मान्य करायचं आणि मूल ती सोसू शकेल हा विश्वासही बोलून दाखवायचा, दोन्ही एकाच दमात. "तुला भीती वाटतेय हे मला दिसतंय, आणि तू हे निभावशील याची मला खात्री आहे." दुसरी, आपण पुरवत असलेल्या कुबड्या एकेक करून, मुलाला आधी सांगून काढून घ्यायच्या. आम्ही वीस वेळांच्या "हो, नक्की"पासून सुरुवात केली. सकाळी एकदाच सांगायचं, नंतर नाही. पहिला आठवडा घरात रडारड होती, आणि तिच्याइतकीच मीही रडत होते.

भीतीच्या बाबतीत जे खरं आहे ते हट्टाच्या आणि आक्रस्ताळेपणाच्या बाबतीत अधिकच खरं आहे. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये जेराल्ड पॅटरसन आणि त्यांचे सहकारी १९६० च्या दशकापासून प्रत्यक्ष घरांमध्ये जाऊन बसायचे आणि कोण कुणाला काय म्हणालं, त्यावर दुसऱ्याने काय केलं, याच्या नोंदी करायचे. त्यातून त्यांना एक चक्र सापडलं. तुम्ही ते वाचलंत तर कालच्या संध्याकाळी तुमच्याच घरात कुणीतरी वही घेऊन बसलं होतं की काय असं वाटेल.

आई म्हणते, मोबाईल ठेव. मूल ऐकत नाही. आई आवाज चढवते. मूल कुरकुरतं, मग किंचाळतं, मग उशी फेकतं. दिवसभर दमलेली आई म्हणते, "घे बाबा, काय करायचं ते कर." घर शांत होतं. आता हिशेब बघा. मुलाला कळलं की किंचाळल्यावर मोबाईल मिळतो. आईच्या मनानेही नोंद घेतली की माघार घेतली की किंचाळणं थांबतं. दोघांनाही बक्षीस मिळालं, आणि दोघंही पुढच्या वेळी तेच करणार. एखाद्या दिवशी उलटं होतं. आई इतकी भडकते की मूल घाबरून मोबाईल टाकून देतं. त्या दिवशी आई शिकते की ओरडण्याचा उपयोग होतो, आणि मूल शिकतं की ज्याचा आवाज मोठा त्याचं चालतं. असे शेकडो प्रसंग साठत जातात आणि एक दिवस शाळेतून निरोप येतो, तुमचा मुलगा वर्गात मारामारी करतो.

या चक्रात कुणी वाईट नाही, म्हणून मला ते इतकं महत्त्वाचं वाटतं. आई निष्काळजी नाही, मूल दुष्ट नाही. दोघंही त्या क्षणी सुटका शोधत आहेत. मूल लहान आहे, त्याला हे चक्र दिसणार नाही. दिसलं तर मोठ्यांनाच दिसेल. पण ते बघायला त्यांना कुणीतरी शिकवावं लागतं. आपण मात्र पोराला हाताला धरून तज्ज्ञाकडे नेतो आणि म्हणतो, याला जरा समजवा. आठवड्यातून एक तास त्याला कुणी कितीही समजावलं तरी उरलेला आठवडा ते चक्र फिरतच राहणार.

शिकायचं तरी काय असतं? ऐकायला अगदी साधं आहे आणि करायला भयंकर अवघड. रोज दहा-पंधरा मिनिटं मुलासोबत त्याच्या मनाप्रमाणे खेळायचं. त्या वेळात सूचना नाहीत, प्रश्नोत्तरं नाहीत, सुधारणा नाहीत. चांगलं वागलं की त्याच क्षणी नेमकं काय आवडलं ते सांगायचं. "शहाणा मुलगा" म्हणून भागत नाही. "बहिणीने खेळणं घेतलं तरी तू हात उगारला नाहीस, हे मी पाहिलं" असं म्हणावं लागतं. सूचना एक आणि स्पष्ट द्यायची. न ऐकल्याचा परिणाम छोटा हवा, आधी सांगितलेला हवा आणि दर वेळी तोच हवा. महिनाभर मोबाईल बंद असल्या धमक्या रागात दिल्या जातात आणि दोन दिवसांत विरून जातात. आज संध्याकाळी अर्धा तास नाही, एवढंच ठरवलं तर ते पाळता येतं. आणखी एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही: तुम्ही ठाम राहायला लागलात की सुरुवातीला मुलाचा थयथयाट वाढतो. जुनी किल्ली लागत नाही म्हटल्यावर ते ती जोरजोरात फिरवून बघतं. नेमक्या याच टप्प्यावर बहुतेक घरं माघार घेतात. हे वाढणं अपेक्षित आहे आणि ते ओसरतं, असं सांगणारं माणूस त्या आठवड्यात फोनवर असलं तर खूप फरक पडतो.

आता माराचा विषय टाळता येणार नाही. "आम्हीही मार खाल्ला, आमचं काय बिघडलं?" हे वाक्य मी घरच्यांकडून ऐकलं आहे आणि ते म्हणणाऱ्यांबद्दल माझ्या मनात राग नाही. त्यांना मारणारे त्यांच्यावर प्रेमही करत होते, आणि त्या प्रेमाला कुणी बोट लावतंय असं त्यांना वाटतं. पण प्रश्न मार खाऊनही किती जण नीट वाढले हा नाही. माराने काही साधलं का, हा आहे. एलिझाबेथ गेरशॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ मध्ये ७५ अभ्यासांचा आणि त्यांतल्या सुमारे १,६०,००० मुलांचा एकत्रित आढावा घेतला. चापट मारणं, एवढाच प्रकार त्यांनी तपासला, बेदम मारहाण नव्हे. चापटीने मूल पुढे अधिक ऐकू लागतं असं त्यांना आढळलं नाही. उलट आक्रमकता, समाजविघातक वागणं, मानसिक त्रास यांच्याशी तिचं नातं दिसलं. यातले बरेच अभ्यास केवळ संबंध दाखवतात, कारण सिद्ध करत नाहीत, आणि जास्त दंगेखोर मुलांना जास्त मार बसतो हेही खरं. तरीसुद्धा एका बाजूला तोटा दिसतो आणि दुसऱ्या बाजूला फायदा दिसतच नाही, तेव्हा मी मुलावर हात का उचलावा? स्वीडनने १९७९ मध्ये, जगात सर्वप्रथम, घरातल्या मारासकट मुलांना दिली जाणारी शारीरिक शिक्षा बेकायदा ठरवली. आज असे देश ६० हून अधिक आहेत. स्वीडनने त्या वेळी दुधाच्या पुठ्ठ्यांवरसुद्धा या कायद्याची माहिती छापली होती, ही गोष्ट मला कायद्याइतकीच आवडते. न मारता काय करायचं यावर घराघरांत बोलणं व्हावं, म्हणून ते केलं होतं.

मार नको म्हणजे मर्यादाही नको, असा अर्थ हल्ली काही घरांत काढला जातो. तोही मुलांना महागात पडतो. डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात केलेल्या अभ्यासापासून एक गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे आली आहे: माया आणि शिस्त एकत्र असतात तिथे मुलं सर्वात निकोप वाढतात. शिस्त आहे पण ऊब नाही, किंवा ऊब आहे पण बंधनच नाही, अशा घरांत तसं होत नाही. "नाही" हा शब्द ऐकून रडणाऱ्या मुलाजवळ शांतपणे बसून राहणं, आणि तरीही "नाही" न बदलणं, हे मला पालकपणातलं सगळ्यात कठीण काम वाटतं.

इथे कुणी म्हणेल, सगळं फिरून खापर आईबापांच्याच डोक्यावर. ही भीती मी गंभीरपणे घेते, कारण इतिहासात हे घडलं आहे. विसाव्या शतकाच्या मध्यात स्वमग्न मुलांच्या आईंना तज्ज्ञांनी "रेफ्रिजरेटर मदर" म्हटलं. आईच्या थंडपणामुळे मूल स्वतःत मिटतं, असं ब्रुनो बेटलहाइमसारखे नामवंत १९६० च्या दशकातही सांगत होते. ते साफ खोटं होतं. स्वमग्नतेचं मूळ मेंदूच्या जडणघडणीत आहे, पण हे मान्य होईपर्यंत कित्येक आयांनी तो कलंक अंगावर वागवला. अतिचंचलता, तीव्र नैराश्य यांतही अनुवंशाचा वाटा मोठा आहे. मुलं स्वभाव घेऊनच जन्माला येतात, हे अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या दांपत्याने न्यूयॉर्कमध्ये १९५६ पासून अनेक वर्षं मुलांचा मागोवा घेऊन दाखवलं. काही तान्ही बाळं सहज रमतात, काही प्रत्येक बदलाला कडाडून विरोध करतात. त्या दोघांना महत्त्वाचा वाटला तो मुलाचा स्वभाव आणि घराची रीत यांचा मेळ.

मी तो फरक असा समजून घेते. आग कशाने लागली हा एक प्रश्न आणि पाण्याची बादली कुणाच्या हाताशी आहे हा वेगळा प्रश्न. माझ्या मुलीची भीती मी निर्माण केली नव्हती. माझ्या आईकडूनच ती आमच्या घराण्यात उतरली असावी. पण बादली माझ्या हातात होती, आणि ती कशी वापरायची हे मला ठाऊक नव्हतं. कधीकधी बादली पुरतही नाही. मूल स्वतःला इजा करत असेल, जगणं नको असं बोलत असेल, खाणं-झोपणं-मित्र सगळं सुटलेलं असेल, तर घरच्या घरी प्रयोग करत बसू नये. लगेच मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं, आणि औषध लागलं तर ते संकोच न करता द्यावं.

अपराधी वाटणाऱ्या आईबापांना मी आणखी एक अभ्यास सांगते. एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात एक प्रयोग केला. बाळाशी हसत-खेळत असलेली आई एकदम निर्विकार चेहरा करून दोन-तीन मिनिटं थांबते. बाळ हातपाय हलवतं, आवाज काढतं, तिला परत आणण्याची धडपड करतं आणि शेवटी कोसळतं. हा भाग पुष्कळांना माहीत असतो. पुढचा कमी जणांना ठाऊक असतो. नेहमीच्या खेळातसुद्धा आई आणि बाळ यांचे सूर जेमतेम ३० टक्के वेळ जुळलेले असतात, असं ट्रॉनिक यांना आढळलं. उरलेला वेळ सूर चुकण्यात आणि पुन्हा जुळवून घेण्यात जातो, आणि बाळ विश्वास शिकतं ते या पुन्हा जुळण्यातून. डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने त्याआधीच "पुरेशी चांगली आई" ही कल्पना मांडली होती. म्हणून ओरडून झाल्यावर मुलाजवळ जाऊन "मी मघाशी उगाच ओरडले, ती माझी चूक होती" असं म्हणण्याने आपला धाक कमी होत नाही. रागावलेलं माणूस परत येतं, हे त्याला त्यातून कळतं.

मुलं मोठी झाली की हाच धागा वेगळ्या रूपात भेटतो. किशोरवयीन मुलांवर नजर ठेवणारे पालक त्यांना वाईट मार्गापासून वाचवतात, असा समज बरीच वर्षं होता. स्वीडनमधले हाकन स्टॅटिन आणि मार्गारेट कर यांनी २००० मध्ये तो नीट तपासला. ज्या आईवडिलांना मुलांबद्दल खूप माहिती होती, त्यांना ती मुख्यतः मुलांनी आपणहून सांगितलेली होती. पाळत आणि चौकशी यांचा वाटा त्या मानाने किरकोळ होता. मुलाच्या फोनवर माग काढणारं ॲप टाकण्याआधी स्वतःला विचारावं, मागच्या वेळी त्याने काही अवघड सांगितलं तेव्हा आपण काय केलं? उपदेश केला, की शेवटपर्यंत ऐकून घेतलं?

पण शेवटपर्यंत ऐकून घ्यायला माणसात त्राण असावं लागतं. आपण पालकांना सल्ले भरपूर देतो आणि त्यांची अवस्था विचारत नाही. मायर्ना वाइसमन यांच्या २००६ सालच्या अभ्यासात नैराश्यावर उपचार घेणाऱ्या आया आणि त्यांची मुलं होती. ज्या आयांचं नैराश्य तीन महिन्यांत उतरलं, त्यांच्या मुलांमधले मानसिक विकार कमी झाले. जिथे आईचं नैराश्य टिकून राहिलं, तिथे मुलांमधल्या विकारांचं प्रमाण थोडं वाढलं. उपचार आईवर आणि गुण मुलाला! म्हणून आईची झोप, बाळंतपणानंतरची उदासी, बापाला मिळणारी रजा, दोन-दोन नोकऱ्या करणाऱ्या एकट्या पालकाचे कामाचे तास हे सगळे मुलांच्या मानसिक आरोग्याचेच विषय आहेत. आणि मी हे सगळं लिहिताना सारखी "आई" म्हणते आहे हेही मला खुपतं. बहुतेक अभ्यास आयांवर झाले आणि बहुतेक बैठकांना आयाच जातात. आमच्या बाईंनी "दोघं या" म्हटलं नसतं, तर मीही एकटीच गेले असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते १० ते १९ वयोगटात दर सात जणांपैकी एकाला मानसिक विकार असतो. २०२१ मधल्या एका मोठ्या आढाव्यानुसार जवळपास निम्मे मानसिक विकार अठरा वर्षांच्या आत सुरू होतात. इतक्या मुलांना पुरतील एवढे बालमानसोपचारतज्ज्ञ कुठल्याच देशात नाहीत. आईबाप मात्र जवळपास प्रत्येक मुलाजवळ आहेत. २०२३ च्या सुरुवातीला याच संघटनेने पालकांसाठीच्या कार्यक्रमांबद्दल मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली आणि असे कार्यक्रम सहज उपलब्ध व्हावेत अशी शिफारस केली. डेव्हिड ओल्ड्स यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस एल्मायरा या छोट्या अमेरिकी शहरात पहिलटकरणींच्या घरी परिचारिका पाठवायला सुरुवात केली. गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंत त्या जात राहिल्या. पंधरा वर्षांनी पाहिलं तर त्या घरांत मुलांच्या छळाच्या आणि हेळसांडीच्या नोंदी कमी होत्या.

यशाच्याच गोष्टी सांगणं बरोबर होणार नाही. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहराने पालक प्रशिक्षणाचा एक नावाजलेला कार्यक्रम शहरभर राबवला आणि मूल्यमापनात मुलांच्या मानसिक आरोग्यात सुधारणा दिसली नाही. बऱ्याच कुटुंबांनी तो अर्ध्यात सोडला, आणि सर्वाधिक अडचणीतली घरंच टिकण्याची शक्यता कमी होती. मला यातून दिसतं ते असं: वर्ग भरवला आणि आमंत्रण धाडलं म्हणजे काम झालं असं होत नाही. ज्या बाईला रात्रपाळी आहे ती संध्याकाळच्या वर्गाला कशी येणार? तिचं तान्हं कोण सांभाळणार? ओल्ड्स यांच्या परिचारिका घरी जात होत्या, त्याच त्याच जात होत्या आणि दोन वर्षांहून अधिक काळ जात होत्या. हे खर्चाचं आहे. स्वस्तातली आवृत्ती काढून ती चालली नाही म्हणून कल्पनेलाच दोष देण्यापेक्षा थोड्या घरांपासून पण पुरी मदत देत सुरुवात करणं मला योग्य वाटतं.

सरकारने घरात नाक का खुपसावं, असाही एक आक्षेप आहे. बोलावल्याशिवाय येऊन मुलं काढून नेणाऱ्या यंत्रणेची भीती काही समाजांनी खरोखर भोगलेली आहे. म्हणून ही मदत तपासणीच्या खात्यापासून वेगळी असावी, ऐच्छिक असावी आणि सगळ्यांसाठी असावी. सगळ्यांसाठी असली की "वाया गेलेल्या पोराचे आईबाप" असा शिक्का बसत नाही. लस टोचायला जाताना कुणालाच लाज वाटत नाही.

आणि त्या लसीकरणाच्या रांगेतच सुरुवात करता येईल. बाळाचं वजन होतं, उंची मोजली जाते, कार्डावर नोंद होते. त्याच टेबलाशी बाळाला घेऊन आलेल्या माणसाला चार प्रश्न विचारावेत: रात्री किती झोप मिळते? हाताशी कुणी मदतीला आहे? बाळाचं रडणं असह्य होतं तेव्हा तुम्ही काय करता? गेल्या दोन आठवड्यांत सारखं उदास वाटलं का? पुढे शाळाप्रवेशाच्या वेळी आणि बाराव्या वर्षाच्या आसपास पुन्हा एकदा विचारावेत, वयाप्रमाणे बदलून. उत्तर काळजीचं असेल तर कागदावर पत्ता लिहून न देता त्याच आठवड्यात कुणीतरी फोन करावा. आमच्या मुलीच्या प्रत्येक लसीला मी गेले होते. तिचं वजन मला आजही पाठ आहे. माझी विचारपूस त्या सगळ्या वर्षांत कुणीही केली नव्हती. ती पहिल्यांदा झाली तेव्हा मुलगी नऊ वर्षांची झाली होती आणि रोज सकाळी मोजे हातात घेऊन रडत होती.